जॉन बन्यन आणि बेडफर्डचा तुरुंग

जे 'यात्रिकक्रमण' हरि केशवजी ह्यांनी १८४१ साली मराठीत आणिले, त्याचा मूळ कर्ता जॉन बन्यन हा आमच्या मंडळ्यांस अपरिचित नाही. परंतु बोलू नको अशी आज्ञा झाली असता तो बोलला, आणि त्याचे मोल कोणी कसे भरिले, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक नसेल. ती आज येथे देतो.

बन्यनाचा जन्म १६२८ साली इंग्लंडातील बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी झाला. फुटकी भांडी सांधणे हा बापाचा धंदा. तोच त्याने उचलिला. शिक्षण बेताचे. पुढे तो बेडफर्डच्या मंडळीत सामील झाला व उपदेश करू लागला, तेव्हा त्याचे ऐकावयास लोक दुरून येत.

१६६० साली दुसरा चार्ल्स राजा गादीवर आला. राजमान्य मंडळीबाहेरच्या सभांत बंडाची मसलत होते, असे अधिकाऱ्यांस भय वाटे. त्या वर्षी नोव्हेंबरच्या १२ तारखेस एका शेतघरी बन्यनाचा उपदेश व्हावयाचा होता. पकडण्याचा हुकूम निघाल्याचे त्यास आधीच कळले. निसटून जाण्यास वेळही होता. त्याने शेतात फेऱ्या घालीत विचार केला, की आपण पळालो तर विश्वासात नवीन असलेले दुर्बळ बंधू काय शिकतील? तो परत आला, सभा आरंभिली, आणि तेथेच पकडला गेला.

१६६१ च्या जानेवारीत शिक्षा झाली ती अशी: तीन महिने तुरुंग, त्यानंतरही उपदेश न सोडल्यास हद्दपारी, आणि परवानगीवाचून परतल्यास फाशी. उपदेश करणार नाही, एवढे वचन दिले असते तर दार उघडले असते. ते त्याने दिले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याने राजाची निंदा केली नाही. आपल्या उपदेशांची टिपणे लिहून देण्यासही तो तयार होता. जेथे विवेकबुद्धीमुळे आज्ञा पाळता येत नाही, तेथे निमूटपणे शिक्षा सोसणे हेही आज्ञापालनच, असे त्याचे मत होते.

पण शिक्षा एकट्याने भोगिली नाही. त्याच्या अटकेच्या धक्क्याने पत्नी एलिझाबेथ हिची प्रसूती अकाली होऊन मूल दगावले. घरी पहिल्या पत्नीची चार मुले, त्यांत मेरी आंधळी. तरी ती बाई १६६१ च्या ऑगस्टात न्यायाधीशांपुढे उभी राहून नवऱ्यासाठी बोलली. हेल नामक न्यायाधीशाने सौम्यपणे ऐकिले, दुसरा संतापला. सुटका झाली नाही. बन्यन तुरुंगात नाड्या करून विकी. आंधळ्या मुलीच्या आठवणीने आपले काळीज फाटत असे, हे त्याने १६६६ साली छापलेल्या आत्मवृत्तात लपविले नाही.

अशी बारा वर्षे गेली. १६७२ साली तो सुटला; पुढे आणखी काही महिने तुरुंग घडला. 'यात्रिकक्रमणा'चे मूळ पुस्तक १६७८ साली निघाले. बाप व लेक ह्यांचा समेट करून पावसात घोड्यावरून येताना तो आजारी पडला, आणि १६८८ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेस लंडनात मरण पावला. त्याच्यासारख्यांस उपासनेची मोकळीक देणारा कायदा दुसऱ्याच वर्षी झाला. तो त्याने पाहिला नाही.

आमच्या राज्यघटनेने भाषणाचा व धर्माचा हक्क दिला आहे, ह्याबद्दल देवाचे आभार मानू. तथापि हक्क असला म्हणजे बोलण्याचे मोल सरते असे नाही. गावची नाराजी, सोयऱ्यांचा दुरावा, कामाची तूट ही उरतातच. म्हणून बोलण्यापूर्वी आम्ही स्वतःस विचारावे: हे सत्य आहे काय? हे प्रीतीने बोलत आहोत काय? आणि ह्याचा भार आपल्या घरात कोणावर पडेल?

बन्यन तुरुंगात असता त्याची मुले भल्या लोकांच्या दानावर जगली. त्या लोकांची नावे इतिहासाने फारशी राखिली नाहीत. सर्वांस उपदेशकाचे पाचारण नसते. परंतु सत्य बोलल्यामुळे ज्या घरची चूल थंड पडली, त्या घरी शेरभर धान्य पोहोचविणे हे आमच्यातील प्रत्येकास करिता येईल.