राजर्षी शाहू छत्रपती : कचेरीचे दार आणि माणसाची प्रतिष्ठा

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी पुढे कोठे ना कोठे नोकरीस लागतो. कोणी तलाठी होतो, कोणी परिचारिका, कोणी बँकेत कारकून, कोणी पुण्या-मुंबईच्या कंपनीत अभियंता. निवड झाल्याची वार्ता कळताच आम्हां शिक्षकांस कृतार्थता वाटते. परंतु त्या आनंदासोबत एक प्रश्नही आमच्या मनात असतो. जागा मिळाली, पण त्या जागी आपल्या लेकरास माणूस म्हणून वागविले जाईल काय? हा प्रश्न आमच्या करवीरनगरीत शंभर वर्षांपूर्वी एका राजाने स्वतःला विचारला होता. त्याचे उत्तर शोधण्यात त्या राजाचे अवघे आयुष्य खर्ची पडले. स्मरणिकेच्या निमित्ताने राजर्षी शाहू छत्रपतींच्या चरित्राकडे आम्ही याच एका बाजूने पाहू इच्छितो.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या वेळी दरबारातील सर्वसाधारण प्रशासनाच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांच्या वाट्याला अवघ्या १० जागा आल्या होत्या. प्रजेचा फार मोठा भाग कचेरीच्या दाराबाहेर अर्ज घेऊन उभा होता. आत बसून त्या अर्जावर निर्णय देणारा त्यांच्यातील जवळजवळ कोणीच नव्हता. महाराजांनी प्रथम व्यक्ती निवडल्या. भास्करराव जाधवांसारख्या उच्चविद्याविभूषित बहुजन तरुणास त्यांनी कारभारात घेतले. स्त्रीशिक्षणाची धुरा रखमाबाई केळवकर यांच्याकडे सोपविली. त्यांची कन्या कृष्णाबाई हिला वैद्यकीचे उच्च शिक्षण घेता यावे म्हणून साहाय्य केले, आणि पुढे कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री डॉक्टर म्हणून त्या रुजू झाल्या.

१८९९ साली वेदोक्त प्रकरण उद्भवले. खुद्द छत्रपतींचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करण्यास त्यांच्याच पुरोहिताने नकार दिला. सिंहासनावर बसलेल्या माणसासही जन्मावरून खाली लेखले जाऊ शकते, हे महाराजांनी त्या वेळी स्वतः अनुभविले. असा अपमान वाट्याला आला की पुष्कळ माणसे केवळ आपल्या मानापुरते भांडतात. महाराजांचे मोठेपण असे की, या जखमेमुळे त्यांची दृष्टी आपल्याहून अधिक अपमान सोसणाऱ्यांकडे वळली, असे त्यांच्या पुढील कार्यावरून आम्हांस वाटते.

महाराज इंग्लंडला गेले असता, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात तो सुप्रसिद्ध हुकूम प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, असे त्यात होते. हा हुकूम सर्वांस ठाऊक असतो. त्याचे शेवटचे कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवावा, असे बंधन त्यात घातले होते. सदिच्छेचा हुकूम काढून स्वस्थ बसणारे राज्यकर्ते इतिहासात पुष्कळ झाले. हुकुमाचे पुढे काय झाले याचा हिशेब मागणारा राज्यकर्ता विरळा. १९१२ साली अधिकाऱ्यांच्या ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते, यावरून तो हिशेब खरोखर मागितला गेला हे दिसते.

परंतु जागा राखून ठेवली तरी त्या जागेवर बसण्यास लागणारी विद्या कोठून यावी? खेड्यातील मुलास कोल्हापुरात राहण्यास खोली मिळत नव्हती, मग शाळा दूरच. म्हणून १९०१ मध्ये मराठा वसतिगृहापासून आरंभ करून महाराजांनी जैन, मुस्लिम, लिंगायत आदी समाजांच्या वसतिगृहांस जागा, इमारती व निधी दिला. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. आपली निवासी शाळा याच वसतिगृहांच्या परंपरेतील एक लहानसे रोप आहे, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो.

कामाच्या जागी माणसाचे काय होते, याचा धडा मात्र महाराजांस त्यांच्या स्वतःच्या पागेने शिकविला. तेथे गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य समाजातील सेवक चाकरीस होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदास त्यांनी स्पर्श केला, एवढ्याच अपराधासाठी सोबतच्या नोकरांनी त्यांस बेदम मारहाण केली. त्या वेळी महाराज कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर त्यांस हे समजले तेव्हा त्यांनी अपराध्यांस स्वतः चाबकाने फोडून काढले. आजच्या न्यायबुद्धीने त्या चाबकाचे समर्थन करता येणार नाही, आणि इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही ते करीतही नाही. त्यानंतर महाराजांनी जे केले ते अधिक मोलाचे आहे. त्यांच्या साहाय्याने गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर सत्यसुधारक हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास गाव धजेना, तेव्हा महाराजांनी आपली गाडी तेथे थांबविली, गंगारामांच्या हातचा चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींसही घ्यावयास लावला. रस्त्यावर, सर्वांदेखत घेतलेल्या त्या एका कप चहाने जे साधले, ते दहा व्याख्यानांनी साधले नसते.

तरीही या कथेतील एक सल आमच्या मनातून जात नाही. मार खाल्ला तो गंगारामांनी, आणि राजसेवा सोडून नवा उद्योग मांडावा लागला तोही गंगारामांनाच. अपमान झालेल्याने जागा सोडावी आणि अपमान करणाऱ्याने ती सांभाळावी, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे.

या कथेच्या शेजारी महाराजांचा १९१९ सालचा एक हुकूम ठेवून पाहावा. महसूल, न्याय व इतर खात्यांत नोकरीस लागलेल्या अस्पृश्यांस सर्व अधिकाऱ्यांनी ममतेने व समतेने वागवावे, असे त्यात फर्माविले होते. ज्या अधिकाऱ्यास हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्यास पेन्शन मिळणार नाही, असेही स्पष्ट केले होते. येथे जुनी रीत उलटी झाली. कचेरी सोडण्याची पाळी प्रथमच अपमान करणाऱ्यावर आली. १९०२ च्या हुकुमाने दार उघडले होते. दाराच्या आतील वागणूक हीदेखील राज्याची जबाबदारी आहे, हे १९१९ च्या हुकुमाने सांगितले. ममता हा केवळ स्वभावाचा गुण न राहता नोकरीची अट झाली.

श्रमाच्या प्रतिष्ठेचा हाच विचार गावगाड्यापर्यंत गेला. वतनाच्या तुकडाभर जमिनीपायी महारास दिवसरात्र सरकारची व गावाची कामे करावी लागत; त्यास ना ठरलेला वेळ, ना ठरलेले वेतन. १९१८ साली महाराजांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी त्यांच्या नावे केल्या, आणि १९२० साली वेठबिगारीस बंदी केली. मुंबई इलाख्यात महार वतनाविरुद्धचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले ते १९२८ साली, हे लक्षात घेतले म्हणजे करवीर राज्य किती पुढे होते ते कळते.

महाराजांच्या नेतृत्वाची अखेरची आणि आमच्या मते सर्वांत अवघड कसोटी मार्च १९२० मध्ये माणगाव येथे लागली. २१ व २२ तारखांस भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर. महाराज तेथे आले आणि या समाजास आपला खरा पुढारी लाभला आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. उपकार करणाऱ्यास बहुधा आपणच कायम पुढारी राहावे असे वाटते. दुसऱ्याच्या दुःखावर बोलण्याचा अधिकार ते दुःख भोगणाऱ्याकडे सोपवून आपण बाजूस उभे राहणे, हे ज्यास जमले तो खरा नेता. त्याच वर्षी सुरू झालेल्या मूकनायक पत्रास महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाने अनुच्छेद १६ मध्ये सरकारी नोकरीतील समान संधी व मागासवर्गीयांचे आरक्षण, तर अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यतेची समाप्ती, सर्व भारतासाठी लिहून ठेवली. आज पाण्याचे हौद वेगळे राहिले नसतील. परंतु आडनाव विचारून बदलणारा स्वर, जेवणाच्या सुट्टीत दूर सरकणारा डबा आणि राखीव जागेवरून मारलेला टोमणा अद्यापि संपलेला नाही.

म्हणून कचेरीत जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अपमान झाला तर जागा सोडू नका. कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. आणि एखाद्या दिवशी तुम्ही स्वतः अधिकारी व्हाल, तेव्हा आपल्या हाताखालच्या शिपायास, सफाई कामगारास, कंत्राटी मजुरास, नव्याने आलेल्या मुलीस कोणते पाणी प्यावे लागते, ते स्वतः जाऊन पाहा. त्यांच्यासोबत बसून चहा घ्या. राजर्षींच्या स्मृतीस यापेक्षा खरे अभिवादन दुसरे नाही.