पत्रेवाल्याचा मुलगा

माझे वडील पत्र्याच्या कोठ्या, पेट्या आणि डबे करतात. बादली गळू लागली की गावातले लोक डाग द्यायला आमच्याच दुकानी आणतात. त्यामुळे शाळेत असताना फर्डिनांड पोर्शे यांचे छोटेसे चरित्र हाती आले तेव्हा मला फार आनंद झाला होता. एवढा मोठा मोटारकार, पण मुलगा पत्रेवाल्याचा! गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी त्यांच्यावरच बोलले आणि उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवले. त्या भाषणात जे आले नव्हते त्यासाठी हा लेख.

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडोर्फ गावी झाला. त्या वेळी हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. मुलाने दुकान चालवावे ही वडिलांची इच्छा, तर मुलाला नाद विजेचा. दिवसा पत्रा ठोकायचा आणि संध्याकाळी तंत्रशाळेत जायचे, असे त्यांचे शिक्षण. अठराव्या वर्षी ते व्हिएन्नाला एका विजेच्या कंपनीत लागले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची गाडी मांडली गेली, तिच्या चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटारी बसवलेल्या होत्या. पदवी नसलेल्या या माणसाला पुढे सन्माननीय डॉक्टरेट मिळाली. (भाषणात टाळ्या पडल्या त्या याच वाक्याला.) १९३१ मध्ये त्यांनी श्टुटगार्टला स्वतःची कचेरी काढली.

१९३४ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी बनवण्याचे काम त्यांच्याकडे आले. हिटलरचा या गाडीवर विशेष लोभ होता. २६ मे १९३८ रोजी फॉलर्सलेबेन येथे कारखान्याची कोनशिला बसली. लोकांनी आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून पैसे साठवले. असे बचत करणारे तीन लाखांवर होते, पण त्यांतील एकालाही त्या योजनेत गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि कारखान्यातून लष्करी वाहने निघू लागली.

ती बनवणारे हात कोणाचे होते? पोलंड, रशिया, फ्रान्स, हॉलंड, इटली येथून आणलेल्या माणसांचे. युद्धाच्या साऱ्या काळात या कारखान्यात सक्तीने राबवलेल्यांची संख्या सुमारे वीस हजार होती आणि त्यांतले सुमारे पाच हजार छळछावण्यांतले कैदी होते. पोर्शे कारखान्याच्या प्रमुखांपैकी एक होते. छावणीतले मजूर हवेत म्हणून त्यांनी स्वतः हिमलरशी बोलणी केली आणि १९४२ मध्ये कारखान्याच्या आवारातच छावणी उभी राहिली. इथून पुढे आदरार्थी बहुवचन लिहिताना माझा हात अडखळतो. तरी तसेच ठेवते.

पोलिश आणि रशियन मजूर स्त्रियांना मुले झाली तर आईने लगेच कामावर परतावे म्हणून तान्ह्या बाळांना त्यांच्यापासून वेगळे ठेवत. कारखान्याचे हे बालगृह पुढे रूएन या खेड्यात हलवले. उपासमार, अस्वच्छता आणि रोगराईने तिथे तीनशेहून अधिक बाळे दगावली. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही. १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयात याचा खटला चालला आणि कारखान्याच्या डॉक्टरला फाशी झाली.

पोर्शे यांना १९४५ च्या अखेरीस फ्रेंचांनी पकडले. पण तो आरोप प्यूजो कंपनीच्या कारखान्यासंबंधीचा होता. सुमारे वीस महिने कैदेत काढल्यावर ते सुटले आणि पुढे निर्दोष ठरले. आपल्या कारखान्यातील मजुरांबद्दल त्यांना कोणत्याही न्यायालयात उत्तर द्यावे लागले नाही. ३० जानेवारी १९५१ रोजी ते वारले.

हिशेब निघाला तो फार उशिरा. १९८६ मध्ये फोक्सवॅगन कंपनीने हान्स मोमझेन या इतिहासकाराकडे संशोधन सोपवले. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, हजारावर पानांचा ग्रंथ निघाला. भरपाईसाठी दावे उभे राहिले तेव्हा १९९८ मध्ये कंपनीने दोन कोटी मार्कांचा निधी काढला. डाइमलर-बेंझने १९८८ मध्ये तेवढीच रक्कम दिली होती. २००० मध्ये जर्मन सरकार आणि उद्योग यांनी निम्मे-निम्मे घालून एक हजार कोटी मार्कांचे प्रतिष्ठान स्थापले. २००७ पर्यंत सोळा लाखांवर लोकांना त्यातून पैसे मिळाले. तोवर किती जण उरले होते! पोर्शे यांच्या जन्मगावानेही २०१३ मध्ये त्यांच्या नावाचे वेशीवरचे फलक काढले.

हा लेख मी वडिलांना वाचून दाखवला. ते फारसे शिकलेले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, की त्या माणसांची मजुरी शेवटी मिळाली का. मी सांगितले, की छावणीतल्या कैद्याला जास्तीत जास्त पंधरा हजार मार्क, तेही तो हयात असला तर. आणि १९९९ च्या फेब्रुवारीच्या आधी जो वारला त्याच्या वारसांना काही नाही.