अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक



मी सध्या लेकीकडे, दुबईच्या अल नहदा भागात राहते. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपली, पाठोपाठ गुडघेही कुरकुरायला लागले, म्हणून लेकीने इकडे आणलं. सकाळी खिडकीतून खाली पाहिलं की पिवळ्या स्कूलबसची रांग दिसते. त्यातल्याच एका बसने माझा नातू जातो. केजी टू मध्ये आहे.

मे महिन्यात त्याचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. मी हाडाची नर्स. ताप बघितला, पोट चाचपलं, खाण्यापिण्याची चौकशी केली. काही सापडेना. मग लक्षात आलं की शुक्रवारी दुपारी शाळा सुटली की दुखणं थांबतं, शब्बाथभर पोरगा हुंदडतो आणि रविवारी रात्री पुन्हा पोट धरतो. अक्षर रेघेबाहेर जातं म्हणून वहीत लाल शेरे येत होते. आणि संध्याकाळी तेच पान त्याच्याकडून परत लिहून घेणारी मीच होते!

त्या दिवसांत मला ताराबाई मोडकांची फार आठवण झाली. आपल्यातल्या ज्येष्ठांना हे नाव ठाऊक असेल, पण त्यांचं आयुष्य नातवंडांना सांगायला हवं.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या सुधारक विचारांचं, त्यामुळे मुलीच्या शिकण्याला आडकाठी नव्हती. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी बी.ए. झालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे ज्या शिक्षणावर त्यांनी पुढे बोट ठेवलं, त्यात त्या स्वतः पहिल्या रांगेत बसलेल्या होत्या. परीक्षेत नापास झालेल्या माणसाचा तो राग नव्हता.

लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते. संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या बार्टन कॉलेजच्या प्रमुख झाल्या. मानाची, पगाराची, बंगल्याची नोकरी. पण त्याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतल्या गिजुभाई बधेकांचं काम त्यांच्या कानावर आलं. गिजुभाई स्वतः वकिली सोडून लहान मुलांत रमलेले. 1923 मध्ये ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि भावनगर गाठलं.

त्या वेळच्या शाळा आपण काहींनी पाहिल्या आहेत. मूल गप्प बसलं तर शहाणं, हललं तर छडी. घोकंपट्टी म्हणजे ज्ञान. गिजुभाई आणि ताराबाईंनी इटलीच्या डॉक्टर माँटेसरींची पद्धत अभ्यासली आणि उलट सुरुवात केली. मुलाच्या हाताला काम द्या, त्याला स्वतः करू द्या, भीती आणि बक्षीस दोन्ही दूर ठेवा. 1926 मध्ये त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. शिक्षणपत्रिकेतून ताराबाई आईबापांना आणि शिक्षकांना समजेल अशा भाषेत लिहीत राहिल्या. 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथे बालशिक्षिका तयार होऊ लागल्या.

इथवरच थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. माँटेसरींचं साहित्य महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मोजून केलेले मनोरे. शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांना ते परवडणार, खेड्यातल्या पोरांनी काय करायचं? 1945 च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली ही बाई ताराबाईंच्या कामाची वारस ठरली.

बोर्डीला त्यांनी बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. ताराबाईंनी दोष मुलांकडे दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं, असं ठरवून त्यांनी बालवाडी त्यांच्या वस्तीतच नेली, अंगणात भरवली. तीच अंगणवाडी. ठोकळ्यांच्या जागी चिंचोके, शिंपले, पानं, दगडगोटे आले.

1957 मध्ये संस्था डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेली. भोवती वारल्यांचे पाडे. तिथे नवीन अडचण. मोठी मुलं गुरं राखायला जात, मुली धाकटी भावंडं सांभाळत. मग शिक्षक गुरांमागे कुरणात गेले, त्याला कुरणशाळा म्हणू लागले. आणि एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा आणून विकासवाडी केली. भावाला पाळणाघरात ठेवून बहीण शेजारी अभ्यासाला बसू शकली.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या वारल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी सुरू झाली. आज देशभर गावोगाव अंगणवाड्या आहेत. अनुताई 1992 मध्ये जाईपर्यंत कोसबाडलाच राहिल्या.

मी नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन नवीनच लागले होते, तेव्हा लसीकरणाच्या फेरीत त्या भागात गेले. ताराबाई तेव्हा नव्हत्या. सुई बघून पळणारी पोरं मी रोज पाहत होते. तिथल्या एका अंगणात पोरं चिंचोक्यांचे ढीग करण्यात इतकी रंगली होती की आम्ही आलेलं कोणाला कळलं नाही. नखं कापलेली, केस विंचरलेले. माझं लक्ष आधी तिकडे गेलं. बाईंनी आम्हाला थांबवलं, मुलांना आमची पेटी उघडून दाखवली, कापसाला हात लावू दिला, मग म्हणाल्या आता टोचा. रडली थोडी, पळालं कोणी नाही. नर्सिंगच्या पुस्तकात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे नोकरीभर मी ते वापरलं.

फक्त घरी वापरलं नाही. माझ्या लेकीला मी गिरवायला बसवायची ती हातात पट्टी घेऊन. ड्युटीवरून दमून यायची, वेळ नसायचा, ही कारणं खरी आहेत. पण पट्टीही खरी होती. परवा लेक म्हणाली, आई, तू त्याला लिहायला बसवतेस तेव्हा माझेच हात आखडतात. मला उत्तर सुचलं नाही.

आता कोणी म्हणेल, शाळा वाईट असं म्हणायचं आहे का? मुळीच नाही. कोकणात घाण्याचं तेल काढणारे शनिवार तेली आपण. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएली मुलांची शाळा काढली, त्यानंतरच्या पिढ्या कारकून, शिक्षक, डॉक्टर, नर्स झाल्या. माझा डिप्लोमा नसता तर नवरा गेल्यावर माझं घर चाललं नसतं. ताराबाईंनीही शाळा मोडली नाही. मुलासाठी शाळा आहे, शाळेसाठी मूल नाही, एवढंच त्या आयुष्यभर करून दाखवत राहिल्या.

यंदा सुट्टीत भारतात जाणं झालं नाही. बिरड्याच्या रोजासाठी मी वाल भिजवून मोड आणले होते आणि उपासातच सोलायला बसले. नातू जवळ आला. सुट्टीच्या अभ्यासाची वही त्याच्या हातात होती. मी म्हटलं, ठेव ती, हे सोल. वालाला चिमटीत धरून दाबलं की दाणा टुणकन बाहेर उडतो. त्याला गंमत वाटली. दहा-दहाचे ढीग केले, फुटलेले वेगळे काढले. पाऊण तास! पेन्सिल ज्या चिमटीत धरायची तीच ही चिमूट, हे माझ्या लक्षात आलं, त्याला मी सांगितलं नाही.

शाळा उघडल्यावर लेक त्याच्या बाईंना जाऊन भेटली. मीही संध्याकाळी पान परत लिहून घेणं बंद केलं. अक्षर अजून रेघेबाहेर जातं. पोट मात्र दुखत नाही.

तुमच्या घरी कोणी असा पोटदुखीचा पेशंट असेल तर औषधाआधी वही बघा. आणि वाल भिजत घाला.