मेरीलँडचे चार्ल्स कॅरोल

ज्या घराण्यास केवळ कॅथलिक म्हणून राजकारणाचें दार बंद झालें होतें, त्याच घराण्यांतील एका पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

चार्ल्स कॅरोल ह्यांचा जन्म अमेरिकेंतील मेरीलँड प्रांतीं ॲनापोलिस येथें १९ सप्टेंबर १७३७ रोजीं झाला. त्यांचे आजोबा १६८८ त तेथील ॲटर्नी-जनरल होते. परंतु पुढल्याच वर्षीं सत्तापालट होऊन कॅथलिकांचीं अधिकारपदें गेलीं आणि कालांतरानें मताचा हक्कही गेला. चार्ल्स ह्यांचें शिक्षण फ्रान्समध्यें येशूसंघीय गुरूंपाशीं झालें. कायदेमंडळाच्या संमतीवांचून गव्हर्नरानें अधिकाऱ्यांची फी ठरवूं नये, असें त्यांनीं १७७३ त टोपणनांवानें वृत्तपत्रांतून प्रतिपादिलें. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकमेव कॅथलिक होत.

१७७७ पासून १८०० पर्यंत ते मेरीलँडच्या सिनेटचे सभासद होते. १७८९ त ते राष्ट्राच्या सिनेटमध्यें गेले. परंतु दोन्ही पदें एकत्र धारण करण्यास कायद्यानें मनाई होतांच, १७९२ त राष्ट्राचें पद सोडून त्यांनीं आपल्या राज्याचें ठेविलें.

एक उणीव मात्र आम्हांस लपवितां येत नाहीं. त्यांच्या मळ्यांवर शेंकडों गुलाम राबत. गुलामगिरी क्रमशः नाहींशी करण्याचें बिल त्यांनीं सिनेटपुढें मांडलें, तें नापास झालें. तथापि स्वतःच्या गुलामांस त्यांनीं सरसकट मुक्त केलें नाहीं.

१४ नोव्हेंबर १८३२ रोजीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं, ते निवर्तले. सही करणाऱ्या ५६ जणांपैकीं ते शेवटचे. आपणांस हक्क लाभला म्हणजे कर्तव्य संपलें असें नव्हे. ज्यांस तो लाभला नाहीं त्यांचाही विचार आपणांवर बंधनकारक आहे, हाच बोध आम्ही ह्या चरित्रापासून घेतों.