अंकांचे सोयरे : द. रा. कापरेकर

सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतून वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन जे विद्यार्थी आपल्या वसतिगृहात आले, त्यांतील काही आज स्वतः शिक्षक आहेत. त्यांना आपलीशी वाटावी अशी ही एका शाळामास्तरांची जीवनकथा आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. बालपणीच ते मातृसुखास पारखे झाले. कारकुनी करणाऱ्या वडिलांनी त्यांना वाढविले. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र घडले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत राहिले.

संशोधनास त्यांना कागद, पेन्सिल आणि फावला वेळ पुरेसा होता. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. मूळ संख्येच्या आरंभी एकेक १ वाढवीत गेले की वर्गाचे अंक पायरीपायरीने चढतात आणि तसेच उतरतात. नऊ वेळा १ लिहीपर्यंत हा क्रम टिकतो. पुढे हातचा येऊन तो मोडतो. या जातीच्या संख्यांना त्यांनी एका रेल्वे स्थानकावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले.

अशीच आणखी एक रांग पाहा. ४, ३४, ३३४ यांचे वर्ग १६, ११५६, १११५५६. यात चमत्कार नाही. ३३४ ची तिप्पट १००२, तिचा वर्ग १००४००४. त्यास ९ ने भागले की १११५५६ येतात. दिसणाऱ्या नक्षीमागे कारण असते, आणि ते शोधण्यातच गणिताचा आनंद आहे.

४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५. अशा संख्या आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात. ६१७४ हा त्यांचा स्थिरांकही प्रसिद्ध आहे. तरीही अनेक गणितज्ञांना हे काम दीर्घकाळ किरकोळ वाटले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष वेधले गेले. निवृत्तीनंतर वेतन अपुरे पडल्याने शिकवण्या घेऊन त्यांनी गुजराण केली. अंकांची संगत मात्र सोडली नाही. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मान्यता उशिरा आली, पण काम तिच्यासाठी थांबले नव्हते. ३३३४ चा वर्ग किती, हे पालकांनी आज आपल्या पाल्याजवळ बसून अवश्य काढून पाहावे.