एकाहत्तरीनंतरचा विद्यार्थी : महर्षी अण्णासाहेब कर्वे

गणपती ही विद्येची देवता. दरवर्षी दहा दिवस आम्ही तिची पूजा करतो, मुलांच्या स्पर्धा घेतो, बक्षिसे वाटतो. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाने सांगितले तेव्हा आमच्यासमोर महर्षी धोंडो केशव कर्वे उभे राहिले. त्याला एक कारण घडले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या दुबलगुंडीतील एका हुशार मुलीची मोठ्या शहरातील अभ्यासवर्गासाठी निवड झाली. तिचे वडील आमच्याकडे सल्ला विचारायला आले. गाव लांब, मुलगी एकटी, लोक काय म्हणतील, ही त्यांची काळजी. आम्ही सरकारी नोकर, चार ठिकाणी फिरलेले, म्हणून त्यांनी विश्वासाने विचारले. पण आम्ही स्पष्ट काही बोललो नाही, 'बघा तुम्हीच' म्हणून मोकळे झालो. मुलगी घरीच राहिली. ही गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणून हे चरित्र.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण मुरूडला गेले. घरची गरिबी. सहावी इयत्तेच्या परीक्षेसाठी १८७५ साली मुरूडहून साताऱ्याला जायचे होते. कुंभार्ली घाटाची वाट, खूप लांबचे अंतर. सोबत्यांबरोबर पायी चालत ते साताऱ्याला पोहोचले. परीक्षेला बसायला सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. हा मुलगा अंगाने एवढा लहान दिसे की त्याच्या वयावर परीक्षकांचा विश्वासच बसला नाही. परीक्षा न देता त्याला परत फिरावे लागले. दुसऱ्या वर्षी तो कोल्हापूरला गेला आणि पास झाला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन १८८४ साली ते पदवीधर झाले. १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले.

पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ सालीच वारल्या. त्या काळी विधुराने कुमारिकेशी लग्न करावे, ही रीत. अण्णासाहेबांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे. मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण ते कोणाशी भांडत बसले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तिथे सुरुवातीला एक झोपडी होती. कॉलेजातील तास संपले की अण्णासाहेब पायी हिंगण्याला जात, मुलींना शिकवत आणि पुन्हा पुण्याला येत. पावसाळ्यात चिखलातून वाट तुडवावी लागे.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे आली होती. ती बरेच दिवस तशीच पडून होती. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषणाची तयारी करताना त्यांनी ती वाचली आणि मनाने घेतले. १९१६ साली भारतातील पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, असा त्यांचा मेळ होता. आमच्या बीदर भागावर तेव्हा निजामाचे राज्य होते. दोनच वर्षांनी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. आपल्या भाषेतून शिकण्याचे मोल काय, हे आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना वेगळे सांगायला नको. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ.

आता आम्हाला सांगायचे आहे ते १९२९ सालाबद्दल. अण्णासाहेबांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. या वयात आपल्याकडे माणूस काठी घेऊन देवळाच्या पारावर बसतो. अण्णासाहेब मार्च महिन्यात युरोपला निघाले. इंग्लंडमध्ये ते शिक्षकांच्या परिषदेला गेले, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भारतातील स्त्रीशिक्षणावर बोलले. जुलैअखेर स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे शिक्षणविषयक परिषद होती. तिथे त्यांनी आपल्या महिला विद्यापीठाचा प्रयोग जगापुढे मांडला.

तिथून ते डेन्मार्कला गेले. एल्सिनोर गावी ८ ते २१ ऑगस्ट असे दोन आठवडे नवशिक्षणाच्या चळवळीचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला होता. स्थळ होते समुद्राकाठचा क्रोनबोर्ग किल्ला, शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकामुळे जगाला माहीत झालेला. मुलांना छडीने नव्हे तर त्यांच्या कलाने कसे शिकवावे, यावर देशोदेशीचे शिक्षक विचार करत होते. बालशिक्षणातील थोर विदुषी मारिया मॉन्टेसरी तिथे आल्या होत्या. उन्हाळी सुट्टीत भरलेली ती शिक्षकांचीच शाळा म्हणायची. त्या शाळेत हिंगण्याचे अण्णासाहेब एकाहत्तरी पूर्ण झाल्यावर विद्यार्थी म्हणून बसले. एकदा वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला मुलगा, आता वय झाले म्हणून घरी थांबला नाही.

पुढे ते अमेरिकेला गेले आणि जपानलाही. ज्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून एवढे काम उभे राहिले, ते टोकियोतील विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९३० च्या एप्रिलमध्ये ते परतले. जाईल तिथे त्यांनी विद्यापीठासाठी मदतही मागितली. डिसेंबरात पुन्हा आफ्रिकेला निघाले आणि सव्वा वर्ष तिकडे फिरले.

एवढे जग पाहून आलेला माणूस पुढे काय करतो? १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. जिथे लोकल बोर्डाची शाळा नाही, अशा गावांत शाळा काढायच्या. त्यासाठी आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधूनही ते पैसे देत. एल्सिनोरच्या किल्ल्यातून निघालेली वाट अशी खेड्याच्या शाळेपर्यंत आली. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आम्ही स्वतः डिप्लोमा करून नोकरीला लागलो. पुढे शिकायचे राहिले. चाळिशी उलटली, आता कसले शिक्षण, असे आम्ही सहज म्हणत आलो. अण्णासाहेबांचे चरित्र लिहिताना त्या बोलण्याची लाज वाटली. वय आणि अंतर या दोन सबबी आम्ही किती सहज पुढे करतो! आमच्या गावापासून हुमनाबाद, बीदर, कलबुर्गी एसटीने गाठता येतात. कुंभार्ली घाट पायी चढायची वेळ आज आमच्या लेकरांवर येत नाही.

त्या मुलीच्या वडिलांना गौरी-गणपतीच्या आत भेटायचे आम्ही ठरवले आहे. पुढच्या वर्षी तिची पुन्हा निवड झाली, तर तिला पोहोचवायला आम्ही आणि आमच्या घरची मंडळी सोबत येऊ, एवढे त्यांना सांगणार आहोत. मागच्या वेळी द्यायचे राहून गेलेले उत्तर ते हेच.

गणपती बाप्पा मोरया!