सरखेल : घोडदळाचा हुद्दा, दर्याचा राजा

रोमन सैन्यातला 'सेंच्युरियन' आपल्याला कॉमिक्स आणि पिक्चरमधून माहीत असतो. शब्दाचा अर्थ शंभरांचा प्रमुख. पण प्रत्यक्षात त्याच्या हाताखाली साधारण ८० शिपाईच असायचे. हुद्द्याचं नाव एक आणि काम दुसरं, असं आपल्याकडेही घडलंय. त्याचं उदाहरण म्हणजे 'सरखेल'.

'सर' म्हणजे प्रमुख आणि 'खेल' म्हणजे घोडेस्वारांची तुकडी. शब्द फारसीतून आला. म्हणजे मूळ हुद्दा घोडदळाचा! मराठी राज्यात मात्र तो आरमारप्रमुखाला मिळाला, आणि कान्होजी आंग्रे यांनी तो अजरामर केला.

या आरमाराशी आपल्या भागाचंही नातं आहे. आज पूर्ण्यात जिकडेतिकडे गोदामं दिसतात. पण ठाण्याहून येताना काशेळीच्या पुलाखाली जी खाडी लागते, त्याच पाण्याच्या पट्ट्यात, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर, शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला सुरुवात केली.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. वडील तुकोजी महाराजांच्या चाकरीत होते. १६९८ मध्ये सिधोजी गुजरांचं निधन झालं आणि आरमाराची सूत्रं कान्होजींच्या हाती आली. त्यांची गलबतं हलकी, उथळ पाण्यातही सहज शिरणारी. शत्रूची अवजड जहाजं तिथे काय करणार? किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाला कान्होजींचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. नसेल तर जहाज जप्त.

इंग्रजांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांनी कान्होजींना सरळ चाचा ठरवलं. खरा झगडा इथेच आहे. चाचा स्वतःसाठी लुटतो. सरखेल राज्याच्या वतीने समुद्रावर हक्क सांगतो. इंग्रजही परवाने देतच होते की! मग तोच हक्क कान्होजींनी बजावला तर ती लूट कशी?

पुढे मराठी राज्यातच दोन तट पडले. कान्होजी आधी ताराबाईंच्या बाजूला होते. बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांकडे वळवलं आणि तहात त्यांचं सरखेलपद कायम झालं.

१७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेही हात हलवत परत गेले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबागला आहे.

१९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिलं. ज्यांना परक्यांनी चाचा म्हटलं, त्यांना देशाने आपला नौदल अधिकारी मानलं. आपल्यालाही उद्या कार्डावर छापायला एखादा हुद्दा मिळेल. त्याला अर्थ द्यायचं काम मात्र आपलंच असेल, नाही का?